कळ दाबताच कासवाने अक्षर काढावं: घोळ कुठे होतो आणि रचना कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनच्या टर्टल मोड्यूलवर, म्हणजे पडद्यावर पेन धरलेलं ‘कासव’ फिरवून चित्र काढणाऱ्या मोड्यूलवर, एक प्रोग्राम लिहिलाय. कीबोर्डवरची कळ दाबली की कासवाने ते अक्षर रेषांनी काढायचं आणि पुढच्या अक्षराच्या जागी जाऊन थांबायचं. सव्वीस अक्षरांसाठी सव्वीस फंक्शनं लिहून झाली आहेत. पण लूप फिरवून ती कळांना जोडली, तर कुठलीही कळ दाबा, झेडच उमटतो. हाताने एकेक जोडली तर अक्षरं बरोबर येतात, पण भरभर टाइप केलं की एका अक्षराच्या रेषा दुसऱ्यात घुसतात. आणि चुकलेलं अक्षर बॅकस्पेसने नीट खोडता येत नाही.

तिन्ही तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे. कळ दाबली जाणं, अक्षराचा आकार आणि प्रत्यक्ष रेखाटन या तीन गोष्टी एकाच फंक्शनात कोंबल्या गेल्या आहेत. त्या सुट्या केल्या की तिन्ही दुखणी जातात आणि प्रोग्रामही निम्म्याने लहान होतो. आधी झेडचं कोडं सोडवतो, कारण ते सगळ्यात जास्त वेळ खातं.

ऑनकी किंवा ऑनकीप्रेस या पद्धतींना तुम्ही दोन गोष्टी देता: एक फंक्शन आणि एका कळीचं नाव. कळ दाबली की टर्टल ते फंक्शन हाक मारल्यासारखं चालवतं, पण त्याला काहीच देत नाही. कुठली कळ होती हे फंक्शनला कळत नाही. म्हणून आपण लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन लिहितो, ‘हे अक्षर काढ’ असा. लूपमधल्या लॅम्डामध्ये ‘हे अक्षर’ म्हणजे लूपच्या चलाचं नाव असतं, त्या क्षणाची किंमत नव्हे. लॅम्डा चालतो कळ दाबल्यावर, तोवर लूप कधीच संपलेला असतो आणि चलात शेवटचं अक्षर उरलेलं असतं. सव्वीस लॅम्डा एकाच चलाकडे बघतात आणि सगळ्यांना तिथे झेड दिसतो. उपाय जुना आणि भरवशाचा आहे: लॅम्डाला एक पॅरामीटर द्या आणि त्याची डीफॉल्ट किंमत म्हणून लूपचं चल लिहा. डीफॉल्ट किंमत लॅम्डा तयार होतानाच ठरते, त्यामुळे प्रत्येकाला आपापलं अक्षर मिळतं. पायथनच्या फंक्टूल्स मोड्यूलमधलं पार्शल वापरलं तरी तेच साधतं.

याच ठिकाणी आणखी एक चूक वारंवार दिसते. ऑनकीला फंक्शनचं नाव द्यायचं असतं, पण हात सवयीने नावापुढे कंस आणि कंसात अक्षर लिहून मोकळा होतो. मग प्रोग्राम सुरू होताच, एकही कळ न दाबता, सगळी अक्षरं एकापाठोपाठ काढली जातात. त्यानंतर कळा मेल्यासारख्या होतात. कारण फंक्शनने परत दिलेलं ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) ऑनकीकडे जातं, आणि ऑनकीला नन देणं म्हणजे त्या कळीची जोडणी काढून टाकणं.

मी मात्र सव्वीस जोडण्या करतच नाही. स्क्रीनच्या गेटकॅनव्हस पद्धतीने खालचा कॅनव्हस हाती येतो. त्याच्यावर बाइंड वापरून ‘कीप्रेस’ ही एकच घटना एकाच फंक्शनला जोडायची. टर्टल हे टीकिंटरवर, म्हणजे खिडक्या बनवणाऱ्या पायथनच्या मोड्यूलवर उभं आहे, त्यामुळे इथे टीकिंटरची खरी घटना मिळते आणि तिच्यात दोन उपयोगी गोष्टी असतात. ‘कार’ म्हणजे उमटलेलं अक्षर आणि ‘कीसिम’ म्हणजे कळीचं नाव. नुसती शिफ्ट दाबली तर कार रिकामं असतं, ते सोडून द्यायचं. बॅकस्पेस, रिटर्न यांना कीसिमवरून ओळखायचं. कॅपिटल-स्मॉलचा त्रासही यातच मिटतो. टर्टलसाठी लहान ए आणि मोठा ए या दोन वेगळ्या कळा आहेत. कॅप्सलॉक चालू राहिला की ‘प्रोग्राम बंद पडला’ असं वाटतं ते त्यामुळेच. कार हाती आलं की ते सरळ लहान लिपीत बदलून घ्या.

काही छोट्या गोष्टी भरभर सांगतो. लिसन बोलावल्याशिवाय खिडकी कळा ऐकत नाही, आणि ती ऐकत असली तरी कीबोर्डचं लक्ष (फोकस) दुसऱ्या खिडकीवर असेल तर उपयोग नाही. ऑनकी हे कळ सोडल्यावर चालतं, दाबल्यावर नाही. टायपिंगसाठी ऑनकीप्रेसच हवं. टर्मिनलवरचं साधं इनपुट आणि कासवाची खिडकी एकत्र वापरू नका, कारण इनपुट वाट बघत असेपर्यंत खिडकी गोठून राहते. पूर्ण शब्द एकदम घ्यायचा असेल तर स्क्रीनचं टेक्स्टइनपुट आहे. त्याची छोटी खिडकी बंद झाली की लिसन पुन्हा बोलवा. आणि फाइलचं नाव टर्टल ठेवू नका. पायथन मग खऱ्या मोड्यूलऐवजी तुमचीच फाइल आयात करतो आणि भलत्याच चुका दाखवतो.

आता रेषा मिसळण्याचं. हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेक जण इथे कासवाचा वेग वाढवून बघतात आणि आजार झाकला जातो, बरा होत नाही.

कासव रेष काढतं तेव्हा दर टप्प्यावर पडदा ताजा करतं. पडदा ताजा करताना टीकिंटर वाट बघत असलेल्या सगळ्या घटना उरकून घेतं, आणि त्यात नव्या कळाही आल्या. म्हणजे ‘ए’ची डावी तंगडी अर्धी झाली असताना तुम्ही ‘बी’ दाबली, तर ए काढणारं फंक्शन मध्येच थांबतं, त्याच्या पोटात बी काढणारं फंक्शन पूर्ण चालतं, आणि मग ए जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. पण दरम्यान कासव दुसरीकडे गेलं, तोंड फिरलं, पेन वर-खाली झाला. एच्या उरलेल्या रेषा आता भलत्या जागेवरून निघतात. वेग शून्यावर ठेवला, म्हणजे सरकतानाचं ॲनिमेशन बंद केलं, तरी प्रत्येक रेषेनंतर पडदा ताजा होतोच. शक्यता कमी होते, प्रश्न तसाच राहतो.

म्हणून माझा ठाम नियम: कळ हाताळणाऱ्या फंक्शनने कासवाला हात लावायचा नाही. त्याने आलेलं अक्षर एका रांगेच्या शेवटी ठेवायचं आणि परत यायचं. रांगेतून अक्षरं काढून रेखाटणारा कामगार वेगळा. साध्या मराठीत मांडणी अशी:

कळ आली:
    अक्षर रिकामं असेल तर परत जा
    अक्षर रांगेच्या शेवटी ठेव

कामगार:
    रांगेत काही असेल तर पहिलं अक्षर काढून घे
        ते पूर्ण रेखाट
    ऑनटायमरला सांग: २० मिलिसेकंदांनी कामगाराला पुन्हा बोलव

शेवटची ओळ कुठे आहे ते पाहा. कामगार स्वतःला पुन्हा बोलवायची सोय अक्षर पूर्ण झाल्यावरच करतो. त्यामुळे एका वेळी एकच कामगार जिवंत असतो आणि ‘काम चालू आहे का’ असा वेगळा झेंडा सांभाळावा लागत नाही. रेखाटन चालू असताना कितीही कळा आल्या तरी त्या फक्त रांगेत जाऊन बसतात. सुरुवातीला कामगाराला एकदा बोलवायचं आणि शेवटी मेनलूप, म्हणजे खिडकी उघडी ठेवून घटनांची वाट बघणारा टर्टलचा स्वतःचा लूप. ‘व्हाइल ट्रू’चा लूप इथे नकोच. कोणी मध्येच खिडकी बंद केली तर टर्टल ‘टर्मिनेटर’ नावाचा अपवाद फेकतं किंवा टीकिंटरची चूक येते. रेखाटनाच्या ओळींभोवती ट्राय-एक्सेप्ट लावून तिथे शांतपणे बाहेर पडा.

कळ दाबून धरली की ऑपरेटिंग सिस्टिम तीच कळ पुन्हा पुन्हा पाठवते. रांग लांब होत जाते आणि हात उचलल्यावरही कासव बराच वेळ काढत राहतं. ते नको असेल तर रांगेला मर्यादा घाला आणि भरलेल्या रांगेत नवं अक्षर घेऊ नका.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो: अक्षराचा आकार कसा साठवायचा. तुमच्या सव्वीस फंक्शनांत ‘पुढे जा, डावीकडे वळ’ अशा आज्ञा आहेत. कासवाची भाषा तीच. १९६७ साली वॉली फर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही भाषा घडवली. पुढे तिच्यात कासव आलं, आणि मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवून चालावं हीच त्यामागची कल्पना होती. चौरस, तारा, नक्षी यांसाठी या पद्धतीला तोड नाही. अक्षरांसाठी मात्र ती त्रासदायक ठरते.

‘ए’च घ्या. ४ एकक रुंद, ६ उंच. कासवाच्या भाषेत: ७१.५७ अंशांवर तोंड करा, ६.३२ पुढे, उजवीकडे १४३.१३ अंश वळा, पुन्हा ६.३२ पुढे, पेन उचला, अर्धं अंतर मागे या, आडवी दांडी काढा. यातला एकही आकडा डोळ्यांनी तपासता येत नाही. उंची बदलली की सगळे पुन्हा काढावे लागतात. आणि एक वळण चुकलं की त्यानंतरची सगळी अक्षरं तिरकी. आता हाच ‘ए’ चौकटीच्या कागदावर मांडा:

ए, रुंदी ४
    पहिला फटका: (०,०) (२,६) (४,०)
    दुसरा फटका: (१,३) (३,३)

संपलं. ‘ई’ असाच: (४,६) (०,६) (०,०) (४,०) हा एक फटका आणि (०,३) (३,३) हा दुसरा. फटका म्हणजे पेन न उचलता काढलेली सलग रेष. रेखाटणारं फंक्शन सगळ्या अक्षरांसाठी एकच. प्रत्येक फटक्याच्या पहिल्या बिंदूपर्यंत पेन वर ठेवून जायचं, बाकीच्या बिंदूंना पेन टेकवून गोटू, म्हणजे थेट त्या बिंदूवर नेणारी आज्ञा. पायथन ३.१२ पासून टेलिपोर्ट आलं आहे, त्याने पेन उचलणं-टेकवणं वाचतं. बिंदू पडद्यावर नेताना क्षला (आडव्या अंतराला; उभं अंतर म्हणजे य) मोजपट्टीने गुणून अक्षराच्या सुरुवातीचा क्ष मिळवायचा, यचंही तसंच. सगळी अक्षरं दुप्पट करायची तर मोजपट्टीचा एकच आकडा बदलायचा. तिरका ठसा हवा तर क्षमध्ये यचा पाचवा हिस्सा मिळवा. कासवाचं तोंड कुठे आहे याच्याशी आता कशाचाच संबंध उरला नाही, म्हणून साचत जाणारी चूकही नाही.

ही सगळी माहिती एका डिक्शनरीत ठेवा: किल्ली म्हणजे अक्षर, किंमत म्हणजे रुंदी आणि फटके. रुंदी प्रत्येक अक्षराची वेगळी ठेवा. ‘आय’ आणि ‘एम’ सारख्याच जागेत बसवले तर शब्द विस्कटलेला दिसतो. पुढच्या अक्षराची सुरुवात = आत्ताची सुरुवात + रुंदी + मोकळी जागा; मोकळ्या जागेला दीड ते दोन एकक पुरतात. य = ० ही बैठकीची रेष धरा, म्हणजे लहान लिपीतल्या ‘जी’, ‘पी’ यांच्या शेपट्या उणे आकड्यांत सहज येतात. डिक्शनरीत नसलेली कळ आली तर रिकामी चौकट काढा. गप्प बसणारा प्रोग्राम तपासायला फार अवघड जातो. संगणकाच्या सुरुवातीच्या काळातही वाट हीच होती: ए. व्ही. हर्शी यांनी १९६७ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत बिंदू आणि फटक्यांत मांडलेली अक्षरं तयार केली, आणि पुढे प्लॉटर या रेषा काढणाऱ्या यंत्राच्या पेनांनी ती गिरवली.

वळणदार अक्षरांना बिंदूंची यादी कंटाळवाणी होते. टर्टलचं सर्कल इथे वापरू नका. ते फक्त वर्तुळ काढतं, केंद्र कासवाच्या डाव्या हाताला धरतं, आणि पुन्हा कासवाच्या तोंडावर अवलंबून राहतं. त्यापेक्षा फटक्याचा दुसरा प्रकार ठेवा: कमान. तिला केंद्र, आडवी त्रिज्या, उभी त्रिज्या, सुरुवातीचा आणि शेवटचा कोन द्या, आणि दर १० अंशांनी साइन-कोसाइन वापरून बिंदू काढा. मग ‘सी’ म्हणजे केंद्र (२,३), त्रिज्या २ आणि ३, कोन ४५ ते ३१५. ‘ओ’ म्हणजे तेच, ० ते ३६०.

‘एस’ची गंमत बघा. तो दोन कमानींचा आहे. वरची: केंद्र (२,४.५), त्रिज्या २ आणि १.५, कोन ३० पासून २७० पर्यंत. खालची: केंद्र (२,१.५), त्रिज्या त्याच, कोन ९० पासून उणे १५० पर्यंत, म्हणजे उलट्या दिशेने. पहिली कमान संपते (२,३) वर आणि दुसरी सुरू होते तीही (२,३) वर. एवढंच पुरेसं नाही. त्या बिंदूवर पहिली सरळ उजवीकडे चाललेली असते आणि दुसरीही उजवीकडेच निघते, म्हणून सांधा दिसत नाही. दिशा जुळली नाही तर बिंदू जुळूनही तिथे टोचणारा कोपरा राहतो. ‘बी’, ‘आर’, ‘यू’, लहान ‘ए’ अशा सगळ्या अक्षरांत सांध्यावर बिंदू आणि दिशा दोन्ही तपासा. एवढी काळजी घेतली की अक्षरं घडवलेली दिसतात.

खोडण्याचं आता सोपं झालं. अनडूच्या नादी लागू नका. त्याची साठवण मुळात १००० नोंदींची असते, आणि कमानीच्या एका अक्षराला पंचवीस-तीस नोंदी सहज लागतात. चार ओळींचा मजकूर झाला की जुन्या नोंदी गेलेल्या असतात. त्याऐवजी टाइप झालेल्या अक्षरांची यादी हाच खरा दस्तऐवज माना. बॅकस्पेस आला की यादीतलं शेवटचं अक्षर काढा, कासवाचं क्लिअर बोलवा, ट्रेसर शून्य करून उरलेला मजकूर पहिल्यापासून रेखाटा, अपडेट एकदा बोलवा आणि ट्रेसर पुन्हा १ करा. ट्रेसर शून्य असताना पडदा मध्ये ताजा होत नाही, त्यामुळे पुनर्लेखन एका झटक्यात झाल्यासारखं दिसतं. ओळ संपल्यावर खाली उतरणं, खिडकीचा आकार बदलल्यावर मजकूर पुन्हा बसवणं, हेही याच फंक्शनात होतं. नवं अक्षर मात्र ट्रेसर चालू ठेवून, कासव दिसेल असं काढू द्या. ते हळूहळू उमटताना बघण्यासाठीच तर हा खटाटोप आहे.

इंग्रजी अक्षरं जमली की बरेच जण देवनागरीकडे वळतात, आणि वळावंच. तिथे दोन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. आपली अक्षरं वरच्या रेषेला लटकलेली असतात, म्हणून य = ० शिरोरेषेवर धरा आणि अक्षर खाली उणे आकड्यांत उतरवा. मग वेलांटी, मात्रा, अनुस्वार आपोआप अधिक बाजूला जातात. शिरोरेषा अक्षराच्या माहितीत घालू नका. शब्दाची सुरुवात लक्षात ठेवा आणि रेष शब्दागणिक वाढवत न्या.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. इथे एक कळ म्हणजे एक आकार नाही. ‘कि’ लिहिताना युनिकोडमध्ये आधी क येतो, मग ऱ्हस्व वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी क च्या डावीकडे उभी राहते. म्हणजे क काढून झाल्यावर तो उजवीकडे सरकवावा लागतो. ‘स्त’ लिहिताना हलन्त येतो तेव्हा पूर्ण स आधीच उमटलेला असतो. म्हणून अक्षरं सुटी न रेखाटता गट करा: व्यंजन, त्याला लागलेले हलन्त, मात्रा, अनुस्वार हे सगळं मिळून एक गट. नवी कळ शेवटच्या गटात बसत असेल तर तो गट पुन्हा रेखाटा. वरचं पुनर्लेखनाचं फंक्शन इथे आयतं कामी येतं.

माहितीच्या मांडणीत उभा दंड हा वेगळा फटका ठेवा आणि त्याला खूण करा. त, स, प, व, न, म, ल, ग यांचा दंड उजव्या कडेला असतो. अर्धं रूप हवं तेव्हा तो फटका गाळला की काम झालं. क आणि फ यांचा दंड मध्ये असल्याने त्यांचं अर्धं रूप वेगळं लिहा. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना असा दंडच नाही. त्यांच्यासाठी सुरुवातीला खाली हलन्ताचं चिन्ह काढलेलं चालतं, जोडाक्षरं एकेक करून मग वाढवता येतात.

र मात्र स्वतंत्र नियम मागतो. तपासणीसाठी चार शब्द हाताशी ठेवा: कर्म, तऱ्हा, क्रम, ट्रक. ‘कर्म’मध्ये र आधी टाइप होतो पण रफार होऊन पुढच्या म च्या डोक्यावर बसतो, म्हणून तो पुढच्या व्यंजनाच्या गटात जातो. ‘तऱ्हा’मधला चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये नुक्ता (खालचा टिंब) असलेल्या ऱ पासून बनतो, त्याला वेगळी किल्ली द्या. ‘क्रम’मध्ये तो दंडाला टेकलेली एक तिरकी रेष असतो. ‘ट्रक’मध्ये दंड नसल्याने ट च्या खाली छोटं छपराचं चिन्ह येतं. गटात शेवटी र असेल तर आधीच्या व्यंजनाला दंडाची खूण आहे का ते बघायचं. असेल तर तिरकी रेष, नसेल तर छप्पर.